विजेच्या बाजारांत शेतकऱ्याचें स्थान

कांदा, कापूस, ऊस, सोयाबीन यांच्या भावाविषयीं आपण शेतकरी जितके जागरूक असतों, तितके एका वस्तूच्या भावाविषयीं नसतों. ती वस्तु म्हणजे वीज. बी-बियाणें आणि खत यांच्याइतकीच ती आज बागाइती शेतीची गरज झाली आहे. तथापि ती तारेंतून येते, कधीं येते व कधीं येत नाहीं, तिचें बिल कधीं थकतें व कधीं माफ होतें, यापलीकडे तिचा विचार करण्याची आपणांस संवय नाहीं. या विजेचाहि बाजार भरतो, त्यांत दर पाव तासाचा निराळा भाव फुटतो, आणि आपल्या मोटारीस रात्रीं दोन वाजतां वीज मिळावयाची कीं दुपारीं बारा वाजतां, याचा निकाल पुढें पुष्कळ अंशीं त्या भावावर लागणार आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत आली आहे.

प्रस्तुत लेखांत त्या बाजाराची घडण थोडक्यांत सांगून, शेतकऱ्यानें त्यांत याचक म्हणून न राहतां हिशेबी गिऱ्हाईक म्हणून, व शक्य तेथें विक्रेता म्हणून, कां उभें राहावें याविषयीं माझें मत मांडण्याचें योजिलें आहे. तें कांहीं वाचकांस कडू लागेल. परंतु मी स्वतः विहिरीवर पंप असलेला शेतकरी आहें, व जें लिहितों तें मलाहि लागू आहे.

बाजाराची पूर्वपीठिका

आपल्या मुलखांत विजेचा मोठा व्यवहार सुरू झाला तो खोपोलीपासून. सन १९१५ मध्यें सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेलें पाणी खालीं सोडून टाटांच्या केंद्रांत वीज होऊं लागली व ती मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. खेड्यांचा त्या व्यवहाराशीं संबंध नव्हता. पुढें १९४८ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीजमंडळें स्थापण्याची सोय झाली व १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ अस्तित्वांत आलें. वीज निर्माण करणें, ती वाहून नेणें आणि घरोघर व शिवारोशिवारीं वांटणें हीं तिन्ही कामें त्या एकाच मंडळाकडे होतीं. मंडळानें खेडोपाडीं तारा नेल्या व मोटेच्या जागीं पंप आणला, हे उपकार विसरतां येण्यासारखे नाहींत. परंतु गिऱ्हाइकास दुसरा दुकानदार नव्हता व दुकानदारास भाव करण्याचें कारण नव्हतें. अर्थात् बाजार असा नव्हताच.

ही स्थिति पालटली ती दोन टप्प्यांनीं. प्रथम १९९८ मध्यें केंद्राचा व १९९९ मध्यें महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग स्थापन होऊन दर ठरविण्याचें काम सरकारी खात्याकडून आयोगाकडे गेलें. त्यानंतर १० जून २००३ पासून नवा वीज कायदा अमलांत आला. या कायद्यानें वीज निर्माण करण्यास लागणारी परवान्याची अट बहुतांशीं काढून टाकली. तारांच्या मालकानें योग्य भाडें घेऊन दुसऱ्याची वीजहि वाहून नेली पाहिजे, असें ठरविलें. आणि विजेचा व्यापार हा स्वतंत्र धंदा म्हणून मान्य केला. २००५ मध्यें आपल्या मंडळाचे तुकडे होऊन निर्मिति, पारेषण व वितरण यांच्या निराळ्या कंपन्या झाल्या, त्या याच कायद्यामुळें.

बाजार भरावयास रस्ता लागतो. विजेचा रस्ता म्हणजे तारा. पूर्वीं देशाचे पांच विभाग असून प्रत्येकाचें जाळें निराळें होतें. १९९१ मध्यें पूर्व व ईशान्य हे विभाग एकमेकांस जोडले गेले. २००३ मध्यें पश्चिम विभाग व २००६ मध्यें उत्तर विभाग त्यांस येऊन मिळाला. दक्षिण तेवढी बाजूस राहिली होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचें जाळें एक झालें. ज्या सांध्यानें देशाचा वीजबाजार अखंड झाला, त्याचें एक टोंक आपल्या सोलापुरास आहे. आतां हा बाजार शेजारच्या देशांतहि पसरत आहे. भूतानची वीज पूर्वींपासून येतच होती. नेपाळ २०२१ पासून आपल्या बाजारांत उतरला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशास गेली.

एक जाळें म्हणजे एक शिस्त. मोटेच्या बैलांवर ओझें वाढलें कीं त्यांची चाल मंदावते, तसेंच या जाळ्याचें आहे. देशांतील सर्व विद्युत्-यंत्रें सेकंदास पन्नास आवर्तनांच्या एकाच चालीनें फिरतात. खप वाढला व निर्मिति कमी पडली कीं चाल उतरते. जाळ्याच्या एखाद्या भागावर पेलवेल त्याहून अधिक भार पडला तर काय होतें, हें ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं दिसलें. पहिल्या दिवशीं उत्तर विभाग व दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग अंधारांत बुडाले. सुमारें साठ कोटी वस्तीचा तो मुलूख होता. म्हणूनच आज प्रत्येक राज्यानें आपण किती वीज घेणार हें आदल्या दिवशीं सांगावें लागतें, आणि सांगितल्याहून कमीअधिक घेतल्यास त्याचे पैसे मोजावे लागतात.

भाव कसा फुटतो

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशांतील सगळी वीज रोजच्या लिलावांत विकली जाते असें नाहीं. शेंकडा ऐंशींहून अधिक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनीं, पुष्कळदां पंचवीस वर्षांच्या, घेतली जाते. अशा करारांत बहुधा दोन आकार असतात: एक केंद्र उभारल्याचा स्थिर आकार, तो वीज घ्या वा न घ्या, द्यावाच लागतो, आणि दुसरा कोळशाचा किंवा अन्य इंधनाचा आकार, तो जेवढी वीज घ्यावी तेवढाच. सालगड्याचें साल ठरलेलें असतें व रोजंदारीचा मजूर कामापुरता लागतो, तसाच हा प्रकार आहे.

सालगडी पुरे पडत नाहींत त्या वेळीं रोजंदारीचा बाजार लागतो. विजेचा असा बाजार २००८ मध्यें सुरू झाला. त्या वर्षीं जूनमध्यें इंडियन एनर्जी एक्स्चेंज व ऑक्टोबरमध्यें पॉवर एक्स्चेंज इंडिया यांनीं काम आरंभिलें. तिसरें हिंदुस्थान पॉवर एक्स्चेंज २०२२ मध्यें आलें. यांतील मुख्य लिलाव उद्यांच्या विजेचा असतो. सकाळीं ठराविक वेळांत विकणारे व घेणारे आपापले आंकडे बंद पाकिटासारखे टाकतात. दिवसाचे पाव तासाचे शहाण्णव भाग पाडलेले असतात, व प्रत्येक भागाचा भाव निराळा निघतो.

बाजारसमितींत अडत्याच्या ओट्यावर प्रत्येक ढिगाची बोली निराळी होते. येथें तसें नाहीं. उदाहरणार्थ, एखाद्या पाव तासासाठीं एकजण दोन रुपयांस, दुसरा चार रुपयांस व तिसरा सहा रुपयांस वीज देण्यास तयार आहे, असें समजूं. सर्वांत स्वस्त वीज प्रथम घेतली जाते, मग तिच्यावरची. मागणी दुसऱ्या विक्रेत्याच्या मालांत भागली तर भाव चार रुपये ठरतो, व दोन रुपये मागणाऱ्यासहि चारच मिळतात. तिसऱ्याचा माल पडून राहतो. म्हणून प्रत्येक विक्रेता आपला खरा खर्च जेवढा, तेवढीच मागणी टाकण्याकडे झुकतो. घाटाचा रस्ता अरुंद असल्यास अलीकडचा व पलीकडचा भाव निराळा होतो, त्याचप्रमाणें एखाद्या वाहिनीवर जागा नसेल तर त्या दोन बाजूंचे भावहि फुटून वेगळे होतात. याशिवाय १ जून २०२० पासून दर अर्ध्या तासानें भरणारा तात्कालिक बाजार सुरू झाला आहे. त्यांत घेतलेली वीज सुमारें तासाभरानें मिळते.

कांदा चाळींत चार महिने राहतो. वीज राहत नाहीं. ज्या क्षणीं निर्माण झाली त्याच क्षणीं ती खपली पाहिजे. त्यामुळें तिच्या भावाचे चढउतार कोणत्याहि शेतमालाहून अधिक तीव्र असतात. मार्च २०२२ मध्यें उष्मा लवकर सुरू झाला, कोळशाची ओढ होती, आणि भाव युनिटास वीस रुपये या त्या वेळच्या कमाल मर्यादेस जाऊन टेकला. एप्रिलमध्यें केंद्रीय आयोगानें ती मर्यादा बारा रुपयांवर आणली व एप्रिल २०२३ पासून दहा रुपये केली. उलट मे २०२५ मध्यें दुपारच्या वेळीं तात्कालिक बाजारांतील भाव जवळजवळ शून्यापर्यंत घसरल्याचेंहि दिसलें. एकाच वस्तूचा भाव दहा रुपये आणि शून्य यांच्यामध्यें हेलकावे खातो, याचें कारण शेतकऱ्यानें नीट समजून घेण्यासारखें आहे.

दुपारची स्वस्ताई व सायंकाळची टंचाई

तें कारण म्हणजे सूर्य. गेल्या दहा वर्षांत राजस्थान, गुजराथ, कर्नाटक आदि प्रांतांत सौर विजेचीं मोठीं केंद्रें उभीं राहिलीं. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकंदर वीजनिर्मिति-क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा, वायु आदि इंधनांवांचून चालणारी झाली, व तिच्यांत सौर विजेचा वांटा सर्वांत मोठा आहे. सूर्य माथ्यावर असतांना वीज मुबलक होते. सूर्य मावळला कीं तीच वीज नाहींशी होते, आणि नेमकें त्याच सुमारास घरोघरचे दिवे, पंखे व थंड हवेचीं यंत्रें चालूं होतात. ३० मे २०२४ रोजीं देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत चढली. अशा मागणीची दुपार आतां सौर विजेनें पुष्कळशी निभते. ओढ लागते ती सायंकाळीं व रात्रीं. सायंकाळची ही तूट भरून काढण्यासाठीं मोठाल्या बॅटऱ्या, आणि दुपारीं पाणी वर चढवून सायंकाळीं खालीं सोडणारे उदंचन प्रकल्प, यांवर आतां कोट्यवधि रुपये खर्च होणार आहेत. आपल्याकडे घाटघर येथें असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहेच.

आतां शेतकऱ्याच्या पंपाकडे पहा. गिरणी रात्रपाळी सोडूं शकत नाहीं. रुग्णालय दिवे मालवूं शकत नाहीं. शहरांतला रहिवासी सायंकाळचा स्वयंपाक दुपारीं करणार नाहीं. परंतु उसास, गव्हास अथवा डाळिंबास पाणी दुपारीं दिलें काय आणि सायंकाळीं दिलें काय, पिकाचें विशेष बिघडत नाहीं. उन्हांत थोडें पाणी वाफ होऊन जातें खरें. पण ठिबक असल्यास तो तोटाहि अल्प असतो. महाराष्ट्रांत विकल्या जाणाऱ्या विजेपैकीं सुमारें तीस टक्के वीज शेतीच्या नांवें खर्ची पडते. एवढा मोठा भार घड्याळाच्या कोणत्याहि तासास सरकविण्याची सोय असणें, ही बाजाराच्या दृष्टीनें अतिशय मोलाची गोष्ट आहे. दुपारची नको असलेली वीज घेणारें व सायंकाळची ओढ कमी करणारें एवढें मोठें गिऱ्हाईक दुसरें नाहीं.

आणि तरीहि आजवर आपल्या वांट्यास रात्रच आली. गेल्या रबींत माझ्या हरभऱ्यास व गव्हास पाणी देण्याची पाळी बहुतेक रात्रींचीच होती. बॅटरी हातांत धरून, बिबट्याचें व विंचूकांट्याचें भय मनांत बाळगून, थंडींत दारें धरण्याचा अनुभव वाचकांपैकीं बहुतेकांस आहे. त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. पूर्वीं रात्रीं कोळशाची वीज शिलकी पडे, म्हणून ती शेतकऱ्यास देणें मंडळास सोयीचें होतें. आज शिल्लक रात्रीं नाहीं, दुपारीं आहे. म्हणजे ज्या कारणासाठीं आपणांस रात्रीं जागविलें, तें कारणच आतां उरलेलें नाहीं. दिवसां वीज द्या ही मागणी आजवर आपण दयेपोटीं केली. आतां ती हिशेबाच्या आधारें करतां येते.

केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीच्या दराहून निदान शेंकडा वीस कमी असावा, व मागणीच्या ऐन तासांत तो अधिक असावा, असें तींत सांगितलें आहे. मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांस ही व्यवस्था एप्रिल २०२४ पासून, व इतरांस एप्रिल २०२५ पासून लागू करण्याचें ठरलें. परंतु या इतरांतून शेतकरी ग्राहक वगळण्यांत आला. हें वगळणें दयाबुद्धीनें झालें असेल. परिणाम मात्र असा कीं, दुपारची वीज वापरण्यास जो वर्ग सर्वांत अनुकूल, तोच तिच्या स्वस्ताईच्या हिशेबाबाहेर राहिला.

शेतकऱ्याच्या नांवावर खपणारी वीज

हिशेबाबाहेर राहण्याचें मूळ कारण आपल्या बांधावरच आहे. राज्यांतील लाखों कृषिपंपांस मीटर नाहीं. जेथें आहे तेथें कित्येक वर्षांत तो कोणी वाचलेला नाहीं. पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाजानें खप धरावयाचा, अशी रीत पडली. अंदाजाची रीत पडली कीं त्या अंदाजांत दुसऱ्याचें पापहि लपूं लागतें. तारांतील गळती, शहरांतील चोरी, हिशेबांतील ढिलाई, हीं सर्व शेतीचा खप या एका सदरांत टाकतां येतात.

हा केवळ संशय नव्हे. महाराष्ट्राच्या आयोगानें नेमलेल्या अभ्यासगटानें वाहिन्यांवरील प्रत्यक्ष मोजमापें तपासलीं, आणि मार्च २०२० च्या दरनिर्णयांत आयोगानें शेतीच्या नांवें दाखविलेला खप कमी धरला. खप जितका कमी झाला, तितकी गळती वाढलेली दिसूं लागली. म्हणजे वर्षानुवर्षें शेतकरी फुकट्या म्हणून बोलणीं खात होता, त्यांतील कांहीं वीज त्यानें पाहिलीहि नव्हती.

परंतु दोष सर्वस्वीं दुसऱ्याचा नाहीं. आपल्याच शिवारांत पांच अश्वशक्तीची नोंद असतांना साडेसातची मोटार बसलेली असते. आंकडा टाकणारा शेजारी आपणांस माहीत असतो व आपण गप्प बसतों. दोन वर्षांपूर्वीं आमची डीपी ऐन उन्हाळ्यांत जळाली व ती बदलून मिळण्यास अकरा दिवस लागले. संबंधित कचेरीस आम्हीं पुष्कळ दोष दिला, व तो तिच्या पदरांत पडण्यासारखाहि होता. पण त्या डीपीवर नोंदीपेक्षां किती मोटारी अधिक होत्या, हें विचारल्यावर आमच्यापैकीं कोणासच मान वर करतां येईना. ज्याचा हिशेब नाहीं त्याची तक्रारहि लंगडी पडते.

ओझें वाहणारे खांदे

कोणी म्हणेल, वीज तर आतां फुकटच आहे. मग हिशेब कशास? जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल माफ केलें, आणि चव्वेचाळीस लाख शेतकऱ्यांस त्याचा लाभ होतो, हें खरें आहे. मात्र ही योजना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशा पांच वर्षांची आहे, आणि तिला वर्षास सुमारें चौदा हजार सातशें साठ कोटी रुपये लागतील असा सरकारचाच अंदाज आहे. वीज फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी दुसरा भरतो, एवढाच तिचा अर्थ.

आजवर हा दुसरा कोण होता? कांहीं अंशीं सरकारी तिजोरी, व कांहीं अंशीं कारखानदार व व्यापारी. त्यांचा दर खर्चाहून अधिक ठेवून आपला दर कमी राखला जाई. परंतु २००३ च्या कायद्यानें मोठ्या ग्राहकास हव्या त्या विक्रेत्याकडून वीज घेण्याची मुभा दिली, आणि जून २०२२ च्या नियमांनीं सौर व तत्सम विजेपुरती ती मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटपर्यंत खालीं आणली. कारखानदार आपल्या छपरावर सौर पत्रे बसवितो, परप्रांतांतील केंद्राशीं करार करतो, व महाग वीज घेण्याचें सोडतो. त्यास दोष देतां येत नाहीं. आपणहि तेंच केलें असतें. पण ज्यांच्या खांद्यांवर आपलें ओझें होतें ते खांदे एकेक करून निघून चालले आहेत. उरली तिजोरी. तिची उदारता दुष्काळाच्या सालीं किंवा निवडणुकीनंतर कितपत टिकेल, हें अनुभवी शेतकऱ्यास सांगावयास नको.

काय करावें

माझें पहिलें सांगणें असें कीं, बिल माफ असो, परंतु हिशेब माफ असूं नये. मीटर बसला कीं उद्यां बिल येईल, ही भीति मी समजूं शकतों. चुकीच्या वाचनाचीं व सरासरी आकाराचीं बिलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. यासाठीं आरंभ प्रत्येक पंपापासून न करतां डीपीपासून व वाहिनीपासून करावा. डीपीचा आंकडा दर महिन्यास ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. किती युनिट आले, किती तास आले व त्यांतील दिवसां किती, हें गांवास कळावें. असा आंकडा हातांत असला म्हणजे आपल्या नांवावर दुसऱ्याची गळती घालण्यास कोणी धजणार नाहीं.

दुसरें, वाचविलेल्या विजेचा मोबदला मागावा. पंजाबांत २०१८ पासून कांहीं वाहिन्यांवर असा प्रयोग झाला कीं, पंपास ठराविक युनिट नेमून द्यावे व त्यांतून जितके उरतील तितक्यांचे युनिटास चार रुपये शेतकऱ्याच्या खात्यांत जमा करावे. यांत पंप बंद ठेवण्यासहि किंमत येते. दिवसां मुबलक व फुकट वीज मिळूं लागली कीं विहिरी व बोअर उपसण्याचा मोह वाढेल, ही भीति खरी आहे. भूजल आटलें तर स्वस्त वीज घेऊन करावयाचें काय? मोबदल्याची रीत पाणी व वीज दोन्ही राखते.

तिसरें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें, शेतकऱ्यानें या बाजारांत विक्रेता व्हावें. राज्यांत २०१७ पासून सौर कृषिवाहिनीची योजना आहे व २०२३ पासून ती मोठ्या प्रमाणावर राबविली जात आहे. गांवाजवळच्या उपकेंद्रापाशीं सौर केंद्र उभारावयाचें व त्याची वीज दिवसां शेतीच्या वाहिनीस द्यावयाची, अशी ती कल्पना आहे. या विजेचा दर तीन रुपयांच्या आसपास पडतो. उलट वीज दुरून आणून पोंचविण्याचा सरासरी खर्च आठ रुपयांहून अधिक आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु तींत शेतकऱ्याचा वांटा कोणता? बहुतांशीं जमिनीचें भाडें: हेक्टरीं वर्षास सव्वा लाख रुपये व दरसाल शेंकडा तीन वाढ. खडकाळ माळास हें भाडें वाईट नाहीं. पण हिशेब करून पहा. एका मेगावॅटच्या केंद्रास चार-पांच एकर जमीन लागते व वर्षास पंधरा-सोळा लाख युनिट वीज होते. तीन रुपये दरानें ती पंचेचाळीस लाखांच्या वर जाते. भाडें मात्र दोन-अडीच लाख. मधल्या रकमेंतून कर्जाचे हप्ते, देखभाल व विमा भागवावा लागतो, हें खरें. परंतु हप्ते फिटल्यावरहि केंद्र वीज देतच राहतें, व तें तेव्हां मालकाचें असतें.

मालक आपणांस होतां येतें. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेंत शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था व पंचायती यांस अर्धा ते दोन मेगावॅटचें केंद्र उभारण्याची तरतूद केलेली आहे. गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील धुंडी या गांवीं २०१६ मध्यें अवघ्या सहा शेतकऱ्यांनीं सहकारी मंडळी काढली. आपले सौर पंप तारांस जोडले, आणि पाणी देऊन उरलेली वीज युनिटास चार रुपये त्रेसष्ट पैसे दरानें पंचवीस वर्षांसाठीं विकण्याचा करार केला. तारांपासून अलग असलेल्या सौर पंपाची वीज पावसाळ्यांत व पीक निघाल्यावर वायां जाते. तारांस जोडलेल्याची तीच वीज पीक म्हणून विकतां येते, हा त्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. दहा टक्के रक्कम भरून आज जे सौर पंप मिळत आहेत, ते घेणाऱ्यांनीं हा प्रश्न अवश्य विचारावा.

सहकार हा आपणांस परका नाहीं. प्रवरानगरास १९५० मध्यें शेतकऱ्यांनीं स्वतःचा साखर कारखाना उभा केला, तेव्हां ऊस विकणारा कुणबी साखरेचा मालक झाला. आज कित्येक सहकारी कारखाने चिपाडापासून वीज करून ती विकतात. पण त्याच भागाचा दुसरा धडाहि विसरूं नये. मुळा-प्रवरा ही वीजवितरणाची सहकारी संस्था श्रीरामपूर भागांत अनेक वर्षें चालली. घेतलेल्या विजेची थकबाकी डोक्यावर चढत गेली, आणि २०११ मध्यें परवाना संपून तिचें काम महावितरणाकडे गेलें. वसुली व हिशेब सैल सोडला तर सहकाराचें नांव तारीत नाहीं. म्हणून संस्था लहान असावी, एका उपकेंद्रापुरती असावी. वीज वांटण्याच्या भरीस न पडतां निर्माण करून विकावी. आणि करार व पैसे वेळेवर मिळण्याची हमी हातीं आल्याशिवाय कर्जास सही करूं नये.

आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत खत, बी व पीककर्ज यांवर पुष्कळ बोलणें होतें. यंदांच्या सभेंत तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावे अशी माझी सूचना आहे. आपल्या वाहिनीवर गेल्या वर्षीं किती युनिट आले? त्यांतील दिवसां किती आले? आणि उपकेंद्रापासून पांच किलोमीटरच्या आंत केंद्रास योग्य असा माळ कोणाचा आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें लेखी मागावीं, व न मिळाल्यास आयोगाच्या जाहीर सुनावणींत आपला माणूस पाठवावा. दरनिर्णयाच्या वेळीं अशी सुनावणी होते. कारखानदारांचे प्रतिनिधि तेथें कागदपत्रें घेऊन हजर असतात, व आपलें बांक बहुधा रिकामें असतें.

मार्च २०२९ ला आतां फार वर्षें उरलीं नाहींत. त्या वेळीं माफी चालूं राहिली तर आनंदच आहे. परंतु ती संपली, आणि आपल्यापाशीं ना मोजलेला आंकडा, ना दिवसाच्या विजेचा करार, ना स्वतःचें केंद्र, अशी स्थिति असली, तर बाजार आपल्यासाठीं थांबणार नाहीं. पेरणीची वेळ निघून गेल्यावर पाऊस पडला तरी त्याचा उपयोग थोडा, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.